पुढच्यास ठेच, मागचा शहाणा

वरचेवर परदेशी जाणाऱ्या माणसाच्या कोटाच्या आतल्या खिशात एक चामडी पाकीट असते. माझ्याही आहे. त्यात पासपोर्ट असतो, लस टोचून घेतल्याचा पिवळा दाखला असतो, तिकिटाचा कागद असतो आणि त्या कागदाला चिकटवलेली सामानाची चिठ्ठी असते. मनगटावर घड्याळ असते, पण विमान उतरेपर्यंत त्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही. एवढ्या सामग्रीनिशी आजचा उतारू मुंबईत रात्रीचे जेवण आटोपून निघतो आणि सकाळची न्याहारी लंडनला करतो. रांगेत अर्धा तास उभे राहावे लागले की तो कुरकुरतो. चामडी पट्टा काढा, पाण्याची बाटली टाका, हा फॉर्म भरा, तो दाखला दाखवा! कोणी बसल्या जागी हे नियम काढले, असे तो मनाशी म्हणतो.

मीही पुष्कळ वर्षे असेच म्हणत आलो. पण एकदा माझ्याच हलगर्जीपणामुळे मला दोन दिवस सक्तीची विश्रांती घ्यावी लागली. त्याची हकीकत पुढे ओघाने येईलच. त्या दोन दिवसांत करण्यासारखे काही नव्हते, म्हणून त्या पाकिटातल्या एकेका कागदाचा इतिहास मी मनाशी जुळवू लागलो. पुढे घरी आल्यावर तो पुस्तकांतून ताडून पाहिला. तेव्हा असे दिसून आले, की यातला एकही नियम कोणी बसल्या जागी काढलेला नाही. प्रत्येकामागे कोणाला तरी लागलेली ठेच आहे. देशाटनाने शहाणपण येते, असे आपण मानतो. ते खरे आहे; परंतु ते शहाणपण बहुधा दुसऱ्याच्या देशाटनातून आलेले असते, एवढे मात्र आपण विसरतो.

प्रथम घड्याळाची गोष्ट घेऊ. १५१९ च्या सप्टेंबरात मॅगेलनची पाच जहाजे स्पेनच्या किनाऱ्यावरून पश्चिमेकडे निघाली. तीन वर्षांनी, १५२२ मध्ये, त्यांपैकी ‘व्हिक्टोरिया’ हे एकच जहाज पृथ्वीला वळसा घालून स्वदेशी परतले. खुद्द मॅगेलन फिलिपीन बेटांत मारला गेला होता, आणि जहाजावर अवघे १८ युरोपीय उरले होते. त्यांत आंतोनियो पिगाफेत्ता नावाचा एक इटालियन गृहस्थ होता. त्याने निघाल्या दिवसापासून रोजनिशी ठेवली होती आणि एकही दिवस चुकवला नव्हता. परतीच्या वाटेवर, ९ जुलैला, हे उपाशी लोक केप व्हर्दे बेटांपाशी अन्नासाठी थांबले. किनाऱ्यावर गेलेल्या माणसांना चौकशी करायला सांगितले होते, आज वार कोणता? उत्तर आले, गुरुवार. पिगाफेत्ताच्या वहीत मात्र बुधवार होता. वही चुकली म्हणावी तर तो कधी आजारीसुद्धा पडला नव्हता. पुढे उलगडा झाला, की चूक कोणाचीच नव्हती. सूर्याच्या मागोमाग सतत पश्चिमेकडे गेल्यामुळे त्यांचा प्रत्येक दिवस किंचित लांबत गेला होता, आणि सगळी पृथ्वी फिरून येईतो त्या लांबलेल्या क्षणांचा मिळून एक अख्खा दिवस गडप झाला होता.

या शोधाचा व्यवहारात उपयोग होण्यास साडेतीनशे वर्षे लागली, कारण तोपर्यंत कोणी इतक्या वेगाने प्रवासच करीत नव्हते. आगगाडी आली आणि गावोगावच्या दुपारी एकमेकींशी भांडू लागल्या. १८८४ मध्ये वॉशिंग्टनला २५ राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले आणि ग्रीनिचची रेषा शून्य धरण्याचे ठरले. आपल्याकडे १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशासाठी एकच प्रमाणवेळ आली. पण मुंबईकरांनी ती सुखासुखी स्वीकारली नाही. मुंबईची आपली स्वतःची वेळ होती, आणि ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. नगरपालिकेने १९५५ च्या सुमारापर्यंत तीच वेळ धरून ठेवली. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे मुंबईत कोणी ‘पाच वाजता या’ म्हटले, की ‘मुंबई टाइम की स्टँडर्ड टाइम?’ असे विचारणे भाग होते. आज हे ऐकून हसू येते. पण परदेशी गेल्यावर फोनवर वेळ ठरविताना ‘तुमचे पाच की आमचे पाच’ असे आपणही विचारतो. हा प्रश्न ज्याला सुचत नाही, त्याचे विमान चुकते. म्हणून पहिला धडा हा, की तिकिटावरची वेळ नेहमी त्या त्या गावची असते. आणि मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या विमानाची तारीख दोनदा वाचावी. रात्री साडेबाराचे विमान ‘आजच्या रात्रीचे’ म्हणून एक दिवस उशिरा विमानतळावर आलेले सुशिक्षित लोक मी डोळ्यांनी पाहिले आहेत.

भिंतीवरच्या घड्याळाचा प्रश्न असा सुटला. अंगातल्या घड्याळाचा मात्र विमानाने निर्माण केला. आगबोटीने जाणाऱ्याला हा त्रास नव्हता, कारण बोट इतकी सावकाश जाई की शरीर बरोबरीने चालत राही. १९३१ साली वायली पोस्ट हा अमेरिकन वैमानिक आपला दिशादर्शक हॅरल्ड गॅटी याच्यासह ‘विनी मे’ या छोट्या विमानातून ८ दिवस, १५ तास आणि ५१ मिनिटांत जगप्रदक्षिणा करून आला. पोस्ट हा तेलविहिरींवर काम करणारा मजूर होता. अपघातात त्याचा एक डोळा गेला, आणि नुकसानभरपाईच्या पैशातून त्याने आपले पहिले विमान घेतले. या एकाक्ष माणसाने एक गोष्ट अचूक ओळखली होती: विमानाच्या यंत्रापेक्षा आपली झोप आधी बिघडेल. म्हणून निघण्याच्या कित्येक दिवस आधीपासून त्याने झोपेच्या वेळा मुद्दाम बदलत्या ठेवल्या आणि शरीराला बेशिस्तीची सवय लावली. पुढे जेट विमाने आल्यावर हाच त्रास हजारो लोकांना होऊ लागला, त्याला ‘जेट लॅग’ असे नाव पडले, आणि २०१७ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक पेशींमधले हे घड्याळ कसे चालते हे दाखविणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना मिळाले. त्यांचे काम फळमाशीवर झाले होते. माणसाचे अंतर्घड्याळ २४ तासांहून थोडे लांब असते. त्यामुळे त्याला दिवस ताणणे सोपे जाते, आखडणे कठीण. म्हणून मुंबईहून युरोपला जाताना फारसे जाणवत नाही, पहाटे लवकर जाग येते इतकेच. पण पूर्वेकडे परत येताना दोन-तीन रात्री डोळा लागत नाही. यावर उत्तम औषध म्हणजे त्या गावच्या सकाळचे किंवा संध्याकाळचे ऊन योग्य वेळी अंगावर घेणे. आणि महत्त्वाच्या बैठकीला किंवा सहीला बसायचे असेल, तर एक दिवस आधी पोचणे.

आता कपड्यांकडे आणि अन्नाकडे वळू. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासात तिला करुण स्थान आहे. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून आगबोटीने अमेरिकेस निघाल्या. त्या वेळी त्यांना १८ वर्षे पूर्ण झाली होती. सोबतीला घरचे माणूस नव्हते. आपला आहार आणि आपला वेष सोडायचा नाही, असा त्यांचा निश्चय होता. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात नऊवारी लुगडे पुरेना, कारण त्यात पोटऱ्या उघड्या राहत. तेव्हा त्यांनी पाय झाकले जातील अशा गुजराती धर्तीने साडी नेसण्यास प्रारंभ केला. निश्चय मोडला नाही, पण त्याला मुरड घातली. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. परंतु थंडी, अपुरा आहार आणि क्षय यांनी शरीर पोखरले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्यापूर्वी, त्यांचे पुण्यास निधन झाले. आज परदेशी शिकायला निघालेल्या मुलीच्या बॅगेत आई लोकरीचे मोजे कोंबते आणि मुलगी ते नको म्हणते. त्या मोज्यांमागे आनंदीबाईंचा हिवाळा आहे, हे दोघींनाही ठाऊक नसते. नव्या देशी आपला आचार कोठे राखावा आणि कोठे त्याला मुरड घालावी, याचा विवेक हे प्रवासाचे सर्वांत अवघड शास्त्र होय.

पाकिटातला पिवळा दाखला हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून तेथे थोडे थांबतो. रोग हा जगातला सर्वांत जुना बिनतिकिटाचा उतारू. १३७७ मध्ये एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या रागुसा या बंदराने प्लेगच्या मुलखातून आलेल्या लोकांना ३० दिवस बाहेर थांबविण्याचा कायदा केला. पुढे हे ३० दिवस ४० झाले, आणि चाळीस या अर्थाच्या इटालियन शब्दावरून ‘क्वारंटाइन’ हा शब्द रूढ झाला. हे लांबच्या देशातले झाले. १८९६ च्या सप्टेंबरात मात्र आपल्याच मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय वैद्याने गाठीचा ताप पाहिला आणि हा प्लेग आहे असे निर्भयपणे सांगितले. चीनकडून बोटींच्या मार्गे तो आला असावा, असे मानले जाते. बघता बघता मुंबई हे सगळ्या जगाला भीती घालणारे बंदर झाले. लोकांनी शहर सोडले आणि त्यांच्याबरोबर रोगानेही सोडले. १८९७ मध्ये युरोपीय राष्ट्रांनी केवळ या प्लेगसाठी व्हेनिसला परिषद भरविली.

या प्रसंगाने दोन धडे दिले. एक असा, की प्रवाशाने रोग लपविला तर तो आपल्याबरोबर गावेच्या गावे बुडवितो. दुसरा धडा सरकारने शिकायचा होता. उतारूंची तपासणी, संशयितांना वेगळे ठेवणे, घरे धुऊन काढणे यामागचा हेतू रोग रोखण्याचा होता. परंतु पुण्यात त्याचा अंमल सोजिरांकडून ज्या रीतीने झाला, घराच्या देवघरापर्यंत आणि बायामाणसांच्या अब्रूपर्यंत ज्या रीतीने हात गेला, त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री रँडवरच्या गोळीत झाला. नियम योग्य असला तरी त्याची अंमलबजावणी माणुसकीने झाली नाही, तर लोक रोगापेक्षा नियमालाच शत्रू समजू लागतात. विमानतळावर पहारा करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने हे प्रकरण वाचावे, असे मला वाटते.

पुढे विमान आले आणि जुना हिशेब चुकला. बोटीच्या प्रवासात आठवडे जात. रोगी असेल तो वाटेतच पडे आणि बंदरात कळे. विमानाचा उतारू मात्र रोग अंगात मुरत असतानाच, धडधाकट दिसत असताना, दुसऱ्या खंडात उतरतो. म्हणून १९३३ साली हेग येथे विमानप्रवासासाठी स्वतंत्र आरोग्यकरार झाला. त्यात मुख्य भय होते ते पीतज्वराचे. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका या दोन खंडांत हा ताप आहे. आशियात तो कधीच रुजला नाही. तो डासाच्या चाव्यातून पसरतो, ही कल्पना क्यूबातील कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्ये मांडली. १९०० साली वॉल्टर रीड यांच्या मंडळाने ती सिद्ध केली, आणि त्या प्रयोगांच्या काळात जेस्सी लेझियर या डॉक्टराला स्वतःचे प्राण गमवावे लागले. १९३७ मध्ये मॅक्स थायलर यांनी लस तयार केली. आता ध्यानात घेण्यासारखे हे, की हा ताप पसरविणारा डास आपल्याकडे घराघरांत आहे. नाही तो फक्त विषाणू. कोरडे गवत पसरलेले आहे, ठिणगी तेवढी पडायची बाकी आहे, असा हा प्रकार. म्हणून भारत सरकार या एका दाखल्याबाबत जितके काटेकोर आहे, तितके दुसऱ्या फार थोड्या बाबतींत असेल.

हे मला कळले ते उशिरा. पूर्व आफ्रिकेत एका सभेला जायचे होते. जाण्याच्या घाईत लस टोचून घेणे लांबत गेले. अखेर निघण्याच्या दोन दिवस आधी मी ती घेतली आणि शिक्का मारलेला पिवळा दाखला पाकिटात घातला. काम संपवून आठव्या दिवशी मुंबईस उतरलो. दुसऱ्या दिवशी साताऱ्यास पुतणीचे लग्न होते. बॅगेत तिच्यासाठी आणलेली भेट होती. आरोग्यतपासणीच्या मेजापाशी एक तरुण डॉक्टरीण बसली होती. तिने दाखला उलटून पाहिला, बोटांवर दिवस मोजले आणि म्हणाली, ‘‘काका, दाखला खरा आहे. पण लस अंगी लागायला दहा दिवस जावे लागतात. आज आठवाच दिवस.’’ मी लग्नाची पत्रिका काढून दाखविली. ओळखीच्या अधिकाऱ्यांची नावे घेतली, हे सांगायलाही आता लाज वाटते. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘लग्नाला माणसे किती येणार आहेत?’’ मी म्हणालो, ‘‘चार-पाचशे.’’ ती म्हणाली, ‘‘मग काका, तुम्हीच सांगा.’’

यावर मला बोलता आले नाही. डासांपासून जाळी लावलेल्या एका खोलीत मी दोन दिवस राहिलो. अन्न बरे होते, वागणूक सभ्य होती. पण पुतणीचे लग्न ते चुकलेच. माझ्या अंगात काही नव्हते, हे पुढे दिसलेच. परंतु प्लेगच्या वर्षी मुंबईहून गावी निघालेल्या प्रत्येक माणसालाही आपल्या अंगात काही नाही, असेच वाटत असणार. ज्यांना हा दाखला लागेल त्यांच्यासाठी सांगतो: लस किमान दहा दिवस आधी घ्यावी. २०१६ पासून हा दाखला जन्मभर चालतो. पूर्वी दर दहा वर्षांनी नवा घ्यावा लागे. आणि ज्यांचा या दाखल्यांवर विश्वास नाही त्यांना एवढेच स्मरण देतो, की आमच्या लहानपणी परदेशी जाणाऱ्याला देवीची लस टोचल्याचाही दाखला लागत असे. तो आता लागत नाही, कारण १९८० मध्ये देवीचा रोगच जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले.

पासपोर्टाची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९१४ पूर्वी युरोपातल्या बहुतेक देशांत शांततेच्या काळी पासपोर्टावाचून हिंडता येत असे. महायुद्धाने हेरांची भीती निर्माण केली आणि सरहद्दीवर कागद मागण्याची प्रथा पडली. युद्ध संपले, प्रथा राहिली. १९२० च्या ऑक्टोबरात पॅरिसला राष्ट्रसंघाच्या विद्यमाने परिषद झाली आणि ३२ पानांच्या पुस्तिकेचा नमुना ठरला. तोच थोड्याफार फरकाने आजही आपल्या खिशात आहे. ज्यांना देशच उरला नव्हता अशा निर्वासितांसाठी १९२२ पासून नॅन्सेन यांच्या नावाचा दाखला सुरू झाला. आपल्याकडे पासपोर्ट देणे न देणे हे दीर्घकाळ सरकारच्या मर्जीवर होते. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की परदेशी जाणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे आणि कायद्यावाचून तो हिरावता येणार नाही. त्याच वर्षी पासपोर्टाचा कायदा झाला, आणि १९७८ च्या मेनका गांधी खटल्यात न्यायालयाने हे तत्त्व आणखी व्यापक केले. तेव्हा ही पुस्तिका म्हणजे सरकारने केलेला उपकार नव्हे, तो नागरिकाचा हक्क आहे. आणि हक्काची वस्तू जपून ठेवावी. तिची मुदत सहा महिन्यांहून कमी उरली असेल तर अनेक देश दारातूनच परत पाठवितात. तिच्या पानाची एक प्रत वेगळ्या बॅगेत ठेवावी.

सामानाच्या चिठ्ठीलाही इतिहास आहे. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादहून नैनीला आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रे विमानाने नेली. जगातली ही पहिली अधिकृत हवाई टपाल. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू मैदानावर उतरले, तेव्हाही त्या एकइंजिनी विमानात टपालच होते. त्या काळी वजनाची इतकी मारामार असे, की सामानाबरोबर उतारूलाही काट्यावर उभे करीत. आज काट्यावर फक्त बॅग जाते, याबद्दल आपण आभार मानावे! १९२९ च्या वॉर्सा कराराने सामान हरवल्यास कंपनीने किती भरपाई द्यावी हे प्रथम ठरविले, आणि हिशेब सोन्याच्या फ्रँकमध्ये केला. आता १९९९ चा माँट्रिअल करार लागू आहे. त्यातले एकच कलम लक्षात ठेवावे: बॅग फुटली वा फाटली असेल तर सात दिवसांच्या आत लेखी तक्रार केली पाहिजे. तोंडी वादावादीला कायद्यात किंमत नाही. विमानतळ सोडण्यापूर्वी कागदावर लिहून द्यावे आणि त्याची पोच घ्यावी.

पायांविषयीही दोन शब्द. १९४० मध्ये लंडनवर बाँब पडत असताना लोक भुयारी आश्रयस्थानांत खुर्च्यांवर रात्र रात्र अवघडून बसत. त्यांत काहीजण सकाळी उठताच कोसळू लागले. पायांच्या शिरांत रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जात होती. १९५४ मध्ये अमेरिकेतील शल्यवैद्य जॉन होमन्स यांनी लांब विमानप्रवासानंतर हाच विकार झाल्याचे नोंदविले. म्हणून तास-दोन तासांनी उठावे, चार पावले चालावे, पाणी प्यावे. शेजाऱ्याला उठवण्याचा संकोच करू नये. तो फार तर कपाळाला आठी घालील.

आता शेवटची आणि सर्वांत महाग ठेच. २ मे १९५२ रोजी ‘कॉमेट’ या ब्रिटिश जेट विमानाने उतारूंची वाहतूक सुरू केली. बरोबर एका वर्षाने, २ मे १९५३ रोजी, कलकत्त्याच्या दमदमहून उडालेले एक कॉमेट वादळात फुटून ४३ माणसे गेली. १९५४ मध्ये आणखी दोन विमाने भूमध्य समुद्रावर आकाशातच फुटली. तेव्हा फार्नबरो येथील शास्त्रज्ञांनी एक अख्खे विमान पाण्याच्या हौदात घातले आणि आत पाणी दाबून उड्डाणामागून उड्डाणाची नक्कल केली. पुनःपुन्हा फुगण्या-आकसण्याने धातू थकतो आणि चौकटींच्या कोपऱ्यांपासून चिरतो, हे तेथे सिद्ध झाले. विमानाच्या खिडकीला टेकून आपण ढग पाहतो, तेव्हा तिचे कोपरे गोल का आहेत हा प्रश्न मनात येत नाही.

यंत्राचा थकवा शोधता आला. शब्दांचा घोटाळा अधिक कठीण होता. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो आणि जिनीव्हामार्गे लंडनला जाणारी भारताची पहिली आंतरराष्ट्रीय विमानसेवा सुरू झाली. त्या विमानाचे नाव ‘मलबार प्रिन्सेस’. अडीच वर्षेही झाली नाहीत तोच, ३ नोव्हेंबर १९५० रोजी, ते आल्प्समधील माँ ब्लाँ शिखरावर आदळले. आत ४८ माणसे होती. उतारूंत बहुतेक खलाशी होते, परदेशच्या बोटींवर नोकरीला निघालेले. त्यांच्या शोधार्थ निघालेला रने पेयो हा डोंगरी वाटाड्याही हिमदरीत पडून मेला. आणि २४ जानेवारी १९६६ रोजी, त्याच डोंगरावर, जवळजवळ त्याच जागी, ‘कांचनजंगा’ हे आपले बोइंग आदळले. ११७ माणसे गेली. त्यांत व्हिएन्नाला निघालेले डॉक्टर होमी भाभा होते.

चौकशीत निष्पन्न झाले ते असे. विमानातले एक दिशादर्शक यंत्र बंद होते. वैमानिकाला वाटले, शिखर मागे पडले. जमिनीवरच्या नियंत्रकाने रडारवर पाहून शिखर अजून पुढे असल्याचे सांगितले. पण ते अशा शब्दांत, की त्याचा एक अर्थ सांगणाऱ्याच्या मनात राहिला आणि दुसरा ऐकणाऱ्याच्या. दोघेही आपापल्या परीने दक्ष होते. पुढे १९७७ मध्ये टेनेरिफच्या धावपट्टीवर धुक्यात दोन विमाने आपटून ५८३ माणसे मेली. त्यातही उड्डाणाच्या परवानगीविषयीची शब्दांची गफलत हे एक मोठे कारण होते. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करताना सोडून वापरायचा नाही, आणि महत्त्वाची आज्ञा ऐकणाऱ्याने ती जशीच्या तशी परत उच्चारून दाखवायची, हा दंडक पक्का झाला. हा नियम वैमानिकांपुरता नाही. अनोळखी देशात कोणी रस्ता, वेळ किंवा फलाटाचा आकडा सांगितला, तर मान डोलावून पुढे जाऊ नये. ऐकले ते आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवावे. समजल्याचा भास हाच प्रवाशाचा मोठा वैरी आहे.

माँ ब्लाँच्या अंगावरची हिमनदी हळूहळू खाली सरकते आणि पोटात घेतलेले वर्षांनी परत देते. २०१२ मध्ये तिने भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाची टपालाची पिशवी दिली. २०२० च्या उन्हाळ्यात काही भारतीय वर्तमानपत्रे वर आली. त्यांवर इंदिरा गांधींच्या नेतेपदी झालेल्या निवडीची बातमी होती आणि अक्षरे वाचता येत होती. कोणीतरी ती विमानात वाचायला घेतली असतील, आणि त्यांची घडी ५४ वर्षे बर्फात राहिली.

विमान सुटण्यापूर्वी हवाई सुंदरी पट्टा कसा बांधावा, दार कोठे आहे, हे हातवारे करून दाखविते. वरचेवर प्रवास करणारी माणसे त्या वेळी वर्तमानपत्र उघडून बसतात. आपल्याला हे सगळे पाठ आहे, असे त्यांना दाखवायचे असते. मीही तसाच बसत असे. आता मी वर्तमानपत्राची घडी करून मांडीवर ठेवतो आणि ती काय सांगते ते नवख्या माणसासारखे शेवटपर्यंत ऐकतो.